प्रमुख बदलला, पण ड्युटीचा तक्ता बदलला का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत कितीतरी मोठ्या शहरांना कृष्णवर्णीय पोलीसप्रमुख मिळाले, तरी कृष्णवर्णीय वस्त्या आणि पोलीस यांच्यातला ताण संपलेला दिसत नाही. मग हे अधिकारी वस्तीला बरोबर घेऊन नेमकं करतात काय, त्याने गुन्हे खरोखर कमी होतात का, आणि घोडं पेंड खातं कुठे?

आधी थोडक्यात सांगतो. गुन्हे कमी होतात आणि लोकांची भीतीही कमी होते, पण दोन्ही एकाच उपायाने होतीलच असं नाही. प्रमुख आपल्यातला आहे म्हटल्यावर वस्तीचं पहिलं दार उघडतं. त्यापुढचं काम ड्युटीच्या तक्त्यावर ठरतं: कोण अधिकारी, कोणत्या गल्लीत, दिवसाचे किती तास आणि सलग किती महिने.

मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन या गावाचा एक आठवडा बघा. ९ ऑगस्ट २०१४ ला मायकेल ब्राउन हा १८ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. पुढच्या रात्री अश्रुधूर आणि चिलखती गाड्यांत गेल्या. १४ तारखेला गव्हर्नरांनी बंदोबस्त मिसुरी हायवे पॅट्रोलचे कॅप्टन रॉन जॉन्सन यांच्या हाती दिला. जॉन्सन कृष्णवर्णीय, त्याच भागात वाढलेले. त्यांनी आपल्या माणसांना गॅस मास्क उतरवायला सांगितलं आणि स्वतः मोर्चेकऱ्यांबरोबर चालू लागले. ती रात्र शांत गेली. दुसऱ्या सकाळी फर्ग्युसन पोलिसांनी गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव जाहीर केलं आणि सोबत एका दुकानातल्या कथित चोरीचं चित्रीकरणही बाहेर काढलं. जॉन्सन यांना त्याबद्दल विचारलं नव्हतं. त्या रात्री पुन्हा लूटमार, १६ ला संचारबंदी, १८ ला नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याची राखीव फौज.

जॉन्सन चुकले कुठे? कुठेच नाही. पण मार्च २०१५ मध्ये केंद्रीय न्याय खात्याचा अहवाल आला, तेव्हा खालचा चिखल दिसला. गावात कृष्णवर्णीय ६७ टक्के. अडवलेल्या वाहनचालकांत ८५, दंडाच्या पावत्यांत ९० आणि अटकेत ९३ टक्के. २०१५ च्या अंदाजपत्रकात सुमारे १ कोटी ३२ लाख डॉलर सर्वसाधारण महसुलापैकी ३० लाखांवर रक्कम दंड आणि फीमधून येणार असं धरलेलं होतं. म्हणजे गस्तीवरच्या पोलिसाला वसुली कारकून करून ठेवलं होतं. ज्या वस्तीकडून दर आठवड्याला पावत्या फाडायच्या, तिच्याकडून साक्षीदार कसा मिळणार? त्यामुळे नवा प्रमुख आला की मी पहिल्यांदा दंडाच्या रकमेचा आकडा बघायला सांगतो. सभा-मेळाव्यांचे फोटो नंतर.

या अधिकाऱ्यांची पिढी कुठून आली तेही दोन ओळींत सांगतो, कारण त्यांच्या कामाची दिशा तिथूनच ठरली. अटलांटाने १९४८ मध्ये पहिले ८ कृष्णवर्णीय पोलीस नेमले. त्यांना गोऱ्या माणसाला अटक करायची मुभा नव्हती, आणि कपडे बदलायला पोलीस ठाण्यात जागाही नव्हती; ते बटलर स्ट्रीटवरच्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या इमारतीतून काम करत. गंमत अशी, की ठाण्याबाहेर ठेवल्यामुळे ते वस्तीत पायीच फिरले आणि वस्ती त्यांना ओळखू लागली. पुढे सप्टेंबर १९७६ मध्ये २४ राज्यांतले ६० वरिष्ठ कृष्णवर्णीय अधिकारी वॉशिंग्टनला तीन दिवस जमले. विषय होता शहरांतल्या गरीब वस्त्यांमधली गुन्हेगारी. त्यातून ‘नोबल’ ही कृष्णवर्णीय पोलीस अधिकाऱ्यांची संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष ह्यूबर्ट विल्यम्स, तेव्हा न्यूजर्सी राज्यातल्या न्यूअर्क शहराचे पोलीस संचालक. १९७९ मध्ये पोलीस खात्यांना मानांकन देणारी संस्था स्थापन झाली, तिच्या चार संस्थापक संघटनांपैकी ‘नोबल’ एक होती. आपल्या वस्त्यांवर पोलिसांचा जाच जास्त आणि संरक्षण मात्र कमी, ही तक्रार या मंडळींनी घरातही ऐकली होती आणि ठाण्यातही. दोन्ही टोकं एकदम धरायची होती, म्हणून त्यांचं काम अवघड.

विल्यम्स यांच्याच न्यूअर्कमध्ये १९७८-७९ ला पायी गस्तीचा प्रयोग झाला. निकाल सरळ होता. गुन्ह्यांच्या आकड्यात फरक पडला नाही, पण लोकांना सुरक्षित वाटू लागलं आणि पोलिसांबद्दलचं मत सुधारलं. कित्येक वर्षं याचा अर्थ ‘पायी गस्त म्हणजे नुसता देखावा’ असा लावला गेला.

३० वर्षांनी फिलाडेल्फियाने याचं उत्तर दिलं. २००८ पासून तिथे पोलीस आयुक्त होते चार्ल्स रॅम्झी हे कृष्णवर्णीय अधिकारी, मूळचे शिकागोचे. २००९ च्या उन्हाळ्यात टेंपल विद्यापीठाबरोबर त्यांनी हिंसक गुन्ह्यांची १२० ठिकाणं निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ६० ठिकाणांना पायी गस्त दिली, ६० ठिकाणं तुलनेसाठी सोडली. एका बीटमध्ये, म्हणजे गस्तीसाठी आखून दिलेल्या भागात, रस्त्यांची लांबी सरासरी १.३ मैल, म्हणजे जेमतेम २ किलोमीटर. प्रत्येक बीटला चार नवशिके अधिकारी, दोघादोघांच्या जोड्या. एक जोडी सकाळी १० ते संध्याकाळी ६, दुसरी ६ ते रात्री २, मंगळवार ते शनिवार. १२ आठवड्यांनंतर गस्तीच्या ठिकाणी हिंसक गुन्हे तुलनेच्या ठिकाणांपेक्षा २३ टक्क्यांनी कमी निघाले. ९० गुन्हे टळले, त्यातले ३७ आसपासच्या गल्ल्यांत सरकले असं धरलं तर निव्वळ फायदा ५३ चा.

न्यूअर्कला आकडे हलले नाहीत आणि इथे हलले, ते का? मला मुख्य कारण क्षेत्रफळाचं वाटतं. दोन किलोमीटरच्या बीटमध्ये तोच पोलीस त्याच कोपऱ्यावर तासाभरात दोनदा येतो. हेच क्षेत्र तिप्पट करा, लोकांना पोलीस ‘दिसतो’, पण कोपऱ्यावर उभ्या टोळक्याला त्याची वेळ पाठ होते. तुमच्या शहरात पायी गस्त जाहीर झाली तर विचारा, एका जोडीला किती लांबीचा रस्ता आहे. आकडा सांगता आला नाही तर गस्त नकाशावरच आहे असं समजा.

याच प्रयोगाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. गस्त उठली आणि फायदा विरून गेला. शिवाय त्या बीटांत पादचाऱ्यांना अडवण्याचं प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक वाढलं. नवशिक्या अधिकाऱ्याला आठ तास एका कोपऱ्यावर उभं केलं आणि काय करायचं ते सांगितलं नाही, तर तो अडवणं आणि झडती हेच काम समजतो, कारण मोजलं तेच जातं. त्याच काळात शहरात लोकांना विनाकारण अडवल्याबद्दल खटला दाखल झाला आणि २०११ मध्ये शहराने न्यायालयापुढे तडजोड मान्य केली. म्हणजे एकाच आयुक्ताच्या हाताखाली हिंसक गुन्हे कमी झाले आणि तक्रारही वाढली. याला दांभिकपणा म्हणू नका. पोलिसाच्या दिवसाच्या अहवालात कोणते रकाने आहेत, याचा हा परिणाम आहे. अहवालात ‘किती जणांना अडवलं’ असाच रकाना असेल तर तोच भरून येणार. ‘किती दुकानदारांशी बोललो, कोणता दिवा बंद आहे, मागच्या आठवड्याच्या तक्रारीचं काय झालं’ हे रकाने आधी घालावे लागतात.

ह्यूस्टनचा धडा वेगळा आहे. ली ब्राउन १९८२ मध्ये तिथे प्रमुख म्हणून आले, त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय. १९८३-८४ मध्ये त्यांनी आणि न्यूअर्कने भीती कमी करण्याचे उपाय प्रयोग म्हणून तपासून घेतले. वस्तीत छोटं दुकानवजा ठाणं उघडणं, घरोघर जाऊन ‘तुमच्या भागात काय त्रास आहे’ विचारणं, रहिवाशांची संघटना उभी करायला मदत, माहितीपत्रक वाटणं, गुन्ह्याला बळी पडलेल्यांना पुन्हा फोन करणं. पहिल्या तिन्हींचा उपयोग झाला. पत्रकाने काही झालं नाही आणि पुन्हा फोन करण्याने काही गटांत भीती उलट वाढली. इंग्रजी नीट न येणाऱ्या माणसाला पोलिसांचा फोन आला तर धीर वाटेल की छातीत धस्स होईल, याचा विचार आधी झाला नव्हता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फायदा मुख्यतः गोऱ्या आणि स्वतःचं घर असलेल्या रहिवाशांना झाला. कृष्णवर्णीय आणि भाडेकरू यांच्यापर्यंत कार्यक्रम नीट पोचलाच नाही. प्रमुख कृष्णवर्णीय, हेतू स्वच्छ, तरी असं. दुपारी तीनला दार ठोठावलं तर दोन पाळ्यांत राबणारा भाडेकरू घरी सापडत नाही.

पुढे ब्राउन यांनी सगळं खातं या पद्धतीवर आणायचं ठरवलं आणि तिथे हवालदारवर्ग बिथरला. योजनेचं इंग्रजी लघुरूप ‘एनओपी’, म्हणजे वस्तीकेंद्रित पोलीसकाम. शिपायांनी त्याचा अर्थ लावला ‘नोबडी ऑन पॅट्रोल’, गस्तीवर कोणीच नाही. माणसं कमी, फोनला पोचायला उशीर, आणि वरून ‘लोकांशी बोला’. ब्राउन १९९० मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि दोन वर्षांत योजना मोडीत निघाली. वरून आलेल्या सुधारणेला मधला सार्जंट नेहमी असाच गिळतो. शिपायाची रजा, शिफ्ट आणि वार्षिक शेरा सार्जंटच्या हातात असतो, त्यामुळे प्रमुखाच्या भाषणापेक्षा सार्जंटच्या भुवया जास्त बोलतात.

शिकागोने ही चूक बरीचशी टाळली. तिथे एप्रिल १९९३ मध्ये शहर पोलिसांच्या पाच विभागांत नवी पद्धत सुरू झाली. तिच्या मांडणीत आणि अंमलबजावणीत रॅम्झी होते, तेव्हा ते वरच्या पदांवर चढत होते. युक्ती साधी होती. तातडीच्या फोनसाठी वेगळ्या गाड्या ठेवल्या आणि बीटच्या अधिकाऱ्यांना शहरातल्या पावणेतीनशेवर बीटांपैकी आपापल्या बीटमध्येच राहू दिलं. बीटबाहेर पाठवणी वाढली की पद्धत मेली, हे नियंत्रण कक्षाच्या नोंदीवरून महिन्याला कळतं. दुसरं, दर महिन्याला प्रत्येक बीटची सभा, चर्चमध्ये, उद्यानाच्या सभागृहात, ग्रंथालयात. वीस-पंचवीस रहिवासी आणि पाच-सहा पोलीस. तिसरं, बीटच्या अधिकाऱ्याने भरलेल्या मागणीपत्रावर महापालिकेने आधी कृती करायची: बंद दिवे, बेवारस गाड्या, पडकी घरं.

आपल्याकडची मोहल्ला कमिटी डोळ्यांपुढे आणून हे वाचू नका. भिवंडीत किंवा १९९४ नंतर मुंबईत त्या कमिट्यांचं मुख्य काम दोन समाजांत दंगल पेटू न देणं हे होतं. बीटसभेचं काम म्हणजे ठरावीक पत्त्यावरची ठरावीक कटकट मिटवणं.

सभा कशी चालावी ते जरा जवळून बघू. समजा, एका पडक्या घराच्या ओसरीवर अंमली पदार्थ विकले जातात. ‘आमच्या भागात ड्रग्ज फार झालीत’ हे वाक्य वहीत लिहून काही होत नाही. सभा चालवणाऱ्याने घरक्रमांक, वार, तास, माल घेणारे पायी येतात की गाडीने, गाड्या कुठल्या बाजूने येतात, एवढं काढून घ्यायचं. मग गुन्ह्याचा त्रिकोण मांडायचा: विकणारा, ज्याला त्रास होतो तो, आणि जागा. विकणारा पकडला तर आठवड्यात दुसरा येतो, म्हणून जागेकडे वळायचं. घराचा मालक काउंटीच्या नोंदीत सापडतो. त्याला नोटीस, इमारत निरीक्षकाची भेट, गरज पडली तर घरांचे खटले चालवणारं न्यायालय. कोपऱ्यावरचा दिवा आठवड्यात लागला पाहिजे. शेजारच्या दोघांनी ठरलेल्या वेळी ओसरीवर लक्ष ठेवायचं, सामना करायचा नाही, फक्त वेळ टिपायची. पुढच्या सभेत त्या पत्त्यावरून आलेल्या फोनचा आकडा मागच्या महिन्याशेजारी फळ्यावर लिहायचा. हा शेवटचा भाग गळतो आणि मग तिसऱ्या महिन्यात माणसं यायची थांबतात. पोलीस आकडेवारी वाचून दाखवतात, लोक ओरडतात, पाव-कॉफी होते, घरी जातात.

आणि येतात कोण? वयस्कर, घरमालक, चर्चमध्ये नियमित जाणारे. ज्या विशीतल्या मुलांबद्दल सभेत बोललं जातं त्यांच्यापैकी एकही खुर्चीवर नसतो. शिकागोत स्पॅनिश बोलणाऱ्या वस्त्यांची हजेरी आणि फायदा दोन्ही कमी राहिले. म्हणून दुसरी सभा शाळेत, नाहीतर न्हाव्याच्या दुकानात, संध्याकाळी सातनंतर ठेवावी, आणि दुभाषा ऐनवेळी नातेवाइकाला बनवू नये.

गोळीबार हा मात्र सभेने सुटणारा विषय नाही. तिथे कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडचं उदाहरण घ्यावं. शहराने २०१२ मध्ये गोळीबार थांबवण्याची ‘सीझफायर’ ही योजना नव्याने उभी केली. पुढे ती चालवणाऱ्यांत कॅप्टन अर्सी जॉयनर हे कृष्णवर्णीय अधिकारी होते आणि बाहेरून रेटणारे कृष्णवर्णीय पाद्री आणि बळी गेलेल्यांच्या आया. सुरुवात झाली मागच्या दीड-दोन वर्षांतला एकेक खून उलगडून बघण्यापासून. दिसलं असं, की लोकसंख्येच्या सुमारे ०.१ टक्का, म्हणजे चारशेच्या आसपास माणसं, बहुतेक खुनांच्या केंद्रस्थानी आहेत, आणि त्यांचं सरासरी वय शाळकरी नव्हे तर तिशीच्या जवळपास आहे. नुसत्या शाळेतल्या कार्यक्रमांवर पैसा टाकून भागणार नाही, हे तेव्हा कळलं.

पद्धतीचे सांधे असे. दर आठवड्याला गोळीबाराचा आढावा: कोण कोणाशी भांडतोय, पुढचा सूड कोण उगवेल. त्यातून निघालेल्या नावांना, बहुधा प्रोबेशन किंवा पॅरोलवर असलेल्यांना, बोलावणं जातं. बैठकीत आधी एखादी आई बोलते, मग तुरुंगातून सुधारून आलेला कोणी, मग पोलीस. निरोप तीन भागांचा: तू जिवंत राहावास अशी आमची इच्छा आहे, मदत आजपासून आहे, आणि गोळीबार चालू राहिला तर कारवाई तुझ्या टोळीवर येईल. घरी जाऊन एकट्यालाही हे सांगितलं जातं आणि सूड पेटलेला असेल तर तेच बरं, कारण बैठकीची तारीख दोन महिन्यांनी आणि खून आज रात्री. मदत म्हणजे फोन नंबरांचा कागद नाही. पहिल्या दोन दिवसांत एक माणूस भेटायला गेला पाहिजे, लायसन्सपासून राहत्या जागेपर्यंत बघणारा. दर शुक्रवारी रात्री पाद्री आणि रहिवासी त्या कोपऱ्यांवर चालत, ते वेगळंच.

एक भिंत मात्र पक्की हवी. वस्तीत फिरून भांडणं मिटवणारे कार्यकर्ते आणि पोलीस यांच्यात माहिती एकाच दिशेने जाते. कुठे गोळीबार झाला ते पोलीस कार्यकर्त्याला सांगतात, कार्यकर्ता पोलिसाला काही सांगत नाही. तो खबऱ्या आहे असा नुसता संशय आला तरी त्याचं काम संपलं, जीवही जाऊ शकतो. उत्साही पोलीस अधिकारी ही भिंत नकळत पाडतात: रस्त्यावर कार्यकर्त्याला हाक मारतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात.

ऑकलंडच्या स्वतंत्र मूल्यमापनात बंदुकीने होणारे खून ३१ टक्क्यांनी घटल्याचं श्रेय या योजनेला मिळालं. मग २०२० नंतर योजनेचीच घसरण. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या तपासणीत दिसलं, की लक्ष सर्वाधिक धोक्यातल्या माणसांवरून ढळलं, थेट भेटी कमी झाल्या आणि योजनेची माणसं दुसऱ्या कामांना जुंपली गेली. यादी फुगणं हा या पद्धतीचा जुना रोग. चारशेची यादी दोन हजारांची झाली की ती पुन्हा जुनी धरपकड होते, फक्त नाव नवं. त्या वर्षी पद्धत मूळ रुळावर आणली आणि खून सुमारे एक तृतीयांशाने उतरले. देशभरच खून उतरत होते, त्यामुळे सगळं श्रेय इथे टाकू नये.

आता टिकण्याबद्दल. प्रमुख चार-पाच वर्षं टिकला तरी पुष्कळ. फर्ग्युसनला मायामीहून २०१६ मध्ये आलेले डेल्रिश मॉस २०१८ मध्ये गेलेही. म्हणून ऑकलंडकरांनी २०१४ मध्ये मतदानाने ‘मेझर झेड’ हा प्रस्ताव मंजूर करून मालमत्ता आणि पार्किंगवरच्या कराचा पैसा दहा वर्षांसाठी हिंसाचार रोखण्याला बांधला, आणि २०२४ मध्ये त्याच धर्तीवर ‘मेझर एनएन’ मंजूर केला. पैसा होता, तरी मधली वर्षं वाया गेली. तेव्हा अंदाजपत्रकाबरोबर दोन कागद मागावेत: आठवड्याच्या आढाव्याला कोणत्या हुद्द्याचे लोक प्रत्यक्ष बसले याची हजेरी, आणि यादीतल्या किती जणांची या महिन्यात समोरासमोर भेट झाली तो आकडा. दुसरा कागद द्यायला टाळाटाळ होऊ लागली, की योजना सहा महिन्यांपूर्वीच बंद पडलेली असते.